गाभा : वस्तू, प्रमाण आणि तूट

१

ग्रहाचा गाभा, तारकागुच्छाचा गाभा आणि दीर्घिकेचा गाभा हे तीन शब्दप्रयोग खगोलशास्त्रीय लेखनात नित्य आढळतात. पृथ्वीच्या गाभ्याची त्रिज्या सुमारे ३,४८० किलोमीटर आहे. गोलाकार तारकागुच्छाच्या गाभ्याची त्रिज्या सामान्यतः काही प्रकाशवर्षे, तर प्रचंड लंबवर्तुळाकार दीर्घिकेच्या गाभ्याची काही शे ते काही हजार प्रकाशवर्षे भरते. असे आकडे एकाखाली एक मांडले की एकाच जातीची वस्तू विश्वात लहानमोठ्या आकारांत ठिकठिकाणी वसली आहे, अशी वाचकाची समजूत होते. ही समजूत कितपत साधार आहे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रश्न निव्वळ शब्दाचा असता तर तो कोशकारांवर सोपवून भागले असते. परंतु शब्दाबरोबर प्रमाणाची अपेक्षाही स्थलांतर करते. ग्रहाच्या बाबतीत ज्या अर्थाने गाभा ‘सापडला’ असे म्हणता येते, त्याच अर्थाने तो गुच्छात किंवा दीर्घिकेत सापडला असे गृहीत धरले जाते. आणि मग त्या गाभ्यात काय दडले आहे याविषयीचे निष्कर्ष, मूळ पुरावा पेलू शकणार नाही इतक्या वजनाचे होऊन बसतात. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील काही प्रमुख संशोधने या दृष्टीने तपासली असता असे दिसते की, पहिल्या ठिकाणी गाभा ही एक वस्तू आहे, दुसऱ्या ठिकाणी ते एका आलेखावरून काढलेले प्रमाण आहे, आणि तिसऱ्या ठिकाणी ती बहुधा एक तूट आहे.

२

पृथ्वीच्या गाभ्याची कल्पना प्रथम घनतेच्या हिशेबातून उद्भवली. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाचपट, तर पृष्ठभागावरील सामान्य खडकांची पावणेतीनपटीच्या आसपास. तेव्हा आत काहीतरी जड असले पाहिजे हे उघड होते. १८९७ मध्ये एमिल वीखर्ट यांनी खडकाळ आवरणाखाली लोखंडाचा गोल असल्याचे प्रतिमान मांडले. परंतु एवढ्या हिशेबाने गाभ्याला कडा येत नाही. घनता मध्याकडे हळूहळू वाढत गेली असती तरी सरासरी तीच राहिली असती. पृथ्वीच्या निरूढी परिबलावरून वस्तुमान मध्याकडे एकवटले आहे हे कळते, परंतु ते पायरीने एकवटले आहे की उताराने, हे एकट्या त्या संख्येतून कळू शकत नाही.

कडेचा पुरावा भूकंपलहरींनी दिला, आणि त्याचा धागा हिंदुस्थानातून निघतो. १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करणारे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी दूरच्या नोंदींवरून प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठीय अशा तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या ओळखल्या. पुढे १९०६ मध्ये, पृथ्वीच्या अंतर्भागातून खोलवर गेलेल्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचतात, या आधारावर त्यांनी पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे चार दशांशांपर्यंत पसरलेला, वेगळ्या द्रव्याचा गाभा असल्याचे प्रतिपादन केले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दूर अंतरावरील दुय्यम लहरींचा ओल्डहॅम यांनी लावलेला अर्थ पुढे टिकला नाही. गाभा मात्र टिकला. निष्कर्ष खरा ठरला म्हणून त्यामागील युक्तिवादही खरा होता असे म्हणता येत नाही. हा भेद पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडेल.

गाभ्याला निश्चित स्थान मिळाले ते बेनो गुटेनबर्ग यांच्या गणिताने. त्यांनी १९१३ च्या सुमारास त्याची कडा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर दाखवली, आणि शतकभराच्या मोजमापांनी तो आकडा जवळजवळ जसाच्या तसा राहिला आहे. १९२६ मध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी निराळ्याच मार्गाने गाभा द्रवरूप असल्याचे दाखवले. भरती-ओहोटीच्या ओढीला संपूर्ण पृथ्वी जितकी दाद देते, तितकी दाद भूकंपलहरींवरून काढलेल्या प्रावरणाच्या कणखरपणाशी जुळत नाही. आत कोठेतरी कणखरपणा नसलेला भाग असल्यावाचून हा मेळ बसत नाही. १९३६ मध्ये डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांनी, ज्या छायाप्रदेशात लहरी पोहोचू नयेत तेथे क्षीण लहरी पोहोचतात याचे स्पष्टीकरण म्हणून गाभ्याच्या आत आणखी एक आंतरगाभा सुचवला. त्यांच्या निबंधाचा विशेष असा की, हे गृहीतक संभवनीय आहे, परंतु हाती असलेल्या नोंदींवरून ते सिद्ध होत नाही, हे त्यांनी तेथेच स्पष्ट केले आहे. आंतरगाभा घनरूप असल्याचा भक्कम पुरावा मिळण्यास १९७१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जीवोन्स्की आणि गिल्बर्ट यांनी तो पृथ्वीच्या मुक्त आंदोलनांवरून दिला.

या इतिहासातून ग्रहाच्या गाभ्याचे लक्षण हाती येते. त्याला कडा आहे. त्या कडेवर द्रव्य बदलते किंवा द्रव्याची अवस्था बदलते. लहरी तेथे परावर्तित व वक्रीभूत होतात. आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन-तीन मार्गांनी त्याच निष्कर्षाला पोहोचता येते. आंब्याच्या गरात कोय असावी, तसा हा प्रकार आहे. सुरी कोठे अडते ते सांगता येते.

तथापि ग्रहांच्या बाबतीतही हे लक्षण सर्वत्र लागू पडत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये मंगळावर उतरलेल्या इन्साइट यानाच्या भूकंपमापकावरून २०२१ मध्ये मंगळाच्या गाभ्याची त्रिज्या सुमारे १,८३० किलोमीटर ठरली. २०२३ मध्ये, दूरच्या एका उल्कापाताच्या लहरींचाही आधार घेऊन, दोन स्वतंत्र अभ्यासगटांनी ती १,६५० ते १,६७५ किलोमीटरच्या घरात आणली. ज्या पृष्ठावरून लहरी परतल्या ते गाभ्याचे पृष्ठ नसून त्याच्यावर पसरलेल्या वितळलेल्या सिलिकेट थराचे होते, असे त्यांचे म्हणणे. कडा खरी होती. ती कशाची, हे चुकले होते. या दुरुस्तीने गाभ्याची घनताही वाढली आणि त्यात हलकी मूलद्रव्ये अतोनात प्रमाणात मानण्याची आपत्ती टळली.

गुरू आणि शनी यांच्या बाबतीत तर कडाच हरवते. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाने मोजलेल्या गुरुत्वाकर्षणावरून २०१७ मध्ये असा निष्कर्ष निघाला की, गुरूची जड मूलद्रव्ये मध्याशी घट्ट गोळा होऊन बसलेली नसून, त्रिज्येच्या बऱ्याच मोठ्या भागापर्यंत हायड्रोजन-हीलियममध्ये विरघळल्यासारखी पसरलेली असावीत. शनीच्या आंदोलनांमुळे त्याच्या कड्यांत उठणाऱ्या तरंगांचा अभ्यास करून २०२१ मध्ये मॅन्कोविच आणि फुलर यांनी शनीचा असाच विरळ गाभा त्रिज्येच्या सुमारे ६० टक्क्यांपर्यंत पोहोचतो, असे दाखवले. अशा गाभ्याला कोयीची उपमा चालत नाही. तो केळीच्या गाभ्यासारखा आहे; सोपटे काढीत गेले तरी नेमके कोणत्या सोपटापाशी गाभा सुरू झाला हे सांगता येत नाही.

३

तारकागुच्छाकडे वळताच शब्दाचा अर्थ मुळातच पालटतो. गोलाकार गुच्छात लक्षावधी तारे असतात आणि मध्याकडे त्यांची दाटी वाढत जाते. १९६२ मध्ये आयव्हन किंग यांनी ही दाटी दर्शविणारे एक सूत्र अनुभवाधारे मांडले आणि १९६६ मध्ये त्याला गतिकीची बैठक दिली. त्या सूत्रात एक लांबी येते. मध्याशी दीप्ती जवळजवळ सपाट असते, आणि या लांबीच्या सुमारास ती मध्यवर्ती दीप्तीच्या निम्म्यावर उतरते. या लांबीला गाभा-त्रिज्या म्हणतात.

या त्रिज्येवर काहीही घडत नाही, हे विसरता कामा नये. तेथे द्रव्य बदलत नाही, अवस्था बदलत नाही, काही परावर्तित होत नाही. एखादा तारा ती ओलांडून आत-बाहेर जातो तेव्हा त्याच्या दृष्टीने कोणतीही सीमा ओलांडली जात नाही. प्रतिमान बदलले की त्रिज्याही बदलते. तेव्हा गुच्छाचा गाभा हे एका वक्राचे प्राचल आहे. ते उपयुक्त आहे, परंतु ‘सापडले’ असे त्याच्याविषयी म्हणण्यात अर्थ नाही. ते बसवलेले असते.

असे असूनही गाभ्याच्या कल्पनेला या क्षेत्रात जे भौतिक तेज चढले, ते अनाठायी नव्हते. वादिम अंतोनोव यांनी १९६२ मध्ये असे सिद्ध केले की, बंदिस्त समतापी गोलात मध्य आणि कड यांच्या घनतांचे गुणोत्तर सुमारे ७०९ च्या पलीकडे गेले की तो गोल स्थिर राहू शकत नाही. १९६८ मध्ये डोनाल्ड लिंडेन-बेल आणि रॉजर वुड यांनी त्याचे मर्म उलगडले. गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या संहतीची विशिष्ट उष्णता ऋण असते. गाभ्यातून ऊर्जा बाहेर गेली की गाभा थंड होण्याऐवजी आकुंचन पावतो आणि त्यातील ताऱ्यांचे वेग वाढतात. वेग वाढले की आणखी ऊर्जा बाहेर वाहते. हा क्रम आपणहून थांबत नाही. सामान्य तारा तांबडा राक्षसी तारा होताना त्याचा गाभा आकुंचन पावतो आणि आवरण फुगते. त्या घटनेशी या लेखकांनी गुच्छाची तुलना केली. येथे साम्य आकाराचे नसून कारणाचे आहे, म्हणून ते फलदायी ठरले. मिशेल एनों यांनी १९६१ मध्येच सुचवले होते की, मध्याशी तयार होणारे जोडतारे ऊर्जा पुरवून हे पतन रोखू शकतात. १९८६ मध्ये जोर्गोव्स्की आणि किंग यांनी आकाशगंगेतील गुच्छांची पाहणी केली, तेव्हा सुमारे एक पंचमांश गुच्छांत मध्यवर्ती सपाटी आढळली नाही. पतन होऊन गेल्याचे ते चिन्ह मानले जाते.

या ठिकाणी एक विरोधाभास उभा राहतो. सिद्धान्तात गाभा आहे आणि तो कोसळतो. निरीक्षणात कोसळलेला गुच्छ ओळखायचा तो गाभा न दिसण्यावरून. शब्द एक, पण पहिल्या वाक्यात तो एका प्रक्रियेचे स्थान दाखवतो आणि दुसऱ्यात दीप्तीच्या आलेखाचा सपाट भाग. दोहोंतील गल्लत कोठे नेते, याचे बोधप्रद उदाहरण महाश्व तारकासमूहातील एम १५ हा गुच्छ होय.

१९७६ मध्ये न्यूएल, डा कोस्टा आणि नॉरिस यांनी या गुच्छाच्या मध्याशी किंग यांच्या प्रतिमानापेक्षा अधिक दीप्ती आढळते, या आधारावर तेथे सुमारे ८०० सूर्यांइतक्या वस्तुमानाची एकवटलेली वस्तू असावी असे सुचवले. दुसऱ्याच वर्षी इलिंगवर्थ आणि किंग यांनी उत्तर दिले की, जड ताऱ्यांचे अवशेष, विशेषतः न्यूट्रॉन तारे, मध्याकडे बुडत जातात, आणि त्यांचे वजन हिशेबात घेतले तर कृष्णविवरावाचून तोच आलेख मिळतो. हा वाद येथे संपावयास हवा होता. पण २००२ मध्ये हबल दुर्बिणीने मोजलेल्या वेगांवरून एम १५ मध्ये सुमारे ३,९०० सूर्यवस्तुमानांची काळोखी वस्तू असल्याचे पुन्हा प्रतिपादन झाले. ज्या पूर्वप्रकाशित आकृतीवरून अवशेषांचे वाटप घेतले होते, तिच्या अक्षावरील मापनांतच चूक होती हे लवकरच उघडकीस आले. दुरुस्तीनंतरचा अंदाज निम्म्याहून खाली आला आणि शून्याशीही सुसंगत ठरला. २००३ मध्ये बाउमगार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय प्रतिरूपणाने दाखवले की, न्यूट्रॉन तारे आणि श्वेत लघुतारे एवढ्यांनीच निरीक्षणांची उपपत्ती लागते.

पंचवीस वर्षांच्या अंतराने तोच युक्तिवाद आणि तेच उत्तर पुन्हा यावे, याचे कारण निरीक्षकांच्या निष्काळजीपणात शोधणे योग्य होणार नाही. कारण युक्तिवादाच्या घडणीत आहे. प्रथम एका प्रतिमानातून अपेक्षित गाभा ठरवावयाचा, मग निरीक्षणातून तो वजा करावयाचा, आणि उरलेल्या शेषाला वस्तूचे नाव द्यावयाचे, ही ती घडण होय. शेष हा निरीक्षणाइतकाच प्रतिमानाचाही असतो.

४

दीर्घिकांच्या अभ्यासात याच घडणीचा युक्तिवाद १९७८ मध्ये एम ८७ या प्रचंड दीर्घिकेविषयी मांडला गेला. यंग, सार्जंट आणि त्यांचे सहकारी यांना मध्याशी अपेक्षित सपाटीऐवजी दीप्तीचा टोकदार चढ आणि ताऱ्यांच्या वेगांत वाढ आढळली. त्यावरून त्यांनी सुमारे पाच अब्ज सूर्यवस्तुमानांचे कृष्णविवर सुचवले. १९८२ मध्ये बिनी आणि मॅमन यांनी दाखवले की, ताऱ्यांचे वेग सर्व दिशांना सारखे असतात हे गृहीत सोडून दिले, तर कृष्णविवरावाचूनही तीच निरीक्षणे मिळू शकतात. तात्पर्य, १९८२ साली एम ८७ आणि एम १५ यांची बाजू तर्कदृष्ट्या सारखीच होती.

पुढे मात्र दोघांची वाट फुटली. १९९४ मध्ये हबल दुर्बिणीने एम ८७ च्या मध्याशी फिरणारी वायूची चकती पाहिली आणि तिच्या वेगांवरून अब्जावधी सूर्यवस्तुमानांची वस्तू निश्चित झाली. २०१९ मध्ये इव्हेंट होरायझन दुर्बिणजालाने तिच्या छायेचे चित्र प्रसिद्ध केले. त्यावरून वस्तुमान सुमारे साडेसहा अब्ज ठरते. तेव्हा १९७८ चा निष्कर्ष खरा होता असे म्हणणे प्राप्त आहे. परंतु ओल्डहॅम यांच्याप्रमाणेच येथेही निष्कर्षाच्या यशाने मूळ युक्तिवादाची उणीव भरून निघत नाही. ती भरून काढली निराळ्या जातीच्या पुराव्याने. एम १५ ला असा पुरावा लाभला नाही. सारख्या युक्तिवादाने एका ठिकाणी खरे आणि दुसऱ्या ठिकाणी निराधार उत्तर मिळावे, याचा अर्थ एवढाच की तो युक्तिवाद एकटा निर्णायक नव्हता.

आकाशगंगेच्या मध्याविषयी असा संदेह उरला नाही, याचे कारण तेथे गाभ्याच्या आलेखावर विसंबावे लागले नाही. एस २ हा तारा सुमारे १६ वर्षांत एक प्रदक्षिणा पुरी करतो. त्याची संपूर्ण कक्षा मोजली गेली, आणि २०१८ मध्ये तो मध्यवर्ती वस्तूपासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२० पट इतक्या जवळून गेला. एवढ्या जागेत सुमारे ४० लक्ष सूर्यवस्तुमाने सामावणारी दुसरी कोणतीही गोष्ट टिकाव धरू शकत नाही. राइनहार्ड गेंत्सेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला तो याच कामासाठी. अलीकडे ओमेगा सेंटॉरी या गुच्छात सात अतिवेगवान ताऱ्यांवरून किमान ८,२०० सूर्यवस्तुमानांचे कृष्णविवर असल्याचे जे प्रतिपादन २०२४ मध्ये झाले, त्याचे बळही यातच आहे. तेथे सरासरी आलेखाचा शेष पुढे केलेला नाही; गुच्छाच्या गुरुत्वाकर्षणातून एरवी निसटून जावे इतक्या वेगाचे तारे एकेक करून दाखवले आहेत.

राहिला दीर्घिकेचा ‘गाभा’ स्वतः. पृथ्वीवरील दुर्बिणींतून लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या मध्याशी जी सपाटी दिसे, ती बरीचशी वातावरणाने प्रतिमा पसरल्यामुळे दिसत असावी, अशी शंका श्वाइत्झर यांनी १९७९ मध्येच व्यक्त केली होती. हबल दुर्बिणीने १९९५ च्या सुमारास ती बव्हंशी खरी ठरवली. पुष्कळ दीर्घिकांत दीप्ती मध्यापर्यंत चढतच जाते. फक्त फार मोठ्या दीर्घिकांत तिचा चढ एका त्रिज्येपासून आत मंदावतो. आज गाभा म्हणतात तो या मंदावलेल्या भागाला. बेगेलमन, ब्लँडफर्ड आणि रीस यांनी १९८० मध्ये वर्णिलेली कृष्णविवरांची जोडी त्याचे कारण समजली जाते. दोन दीर्घिका एकवटल्या की त्यांची कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात आणि वाटेत येणाऱ्या ताऱ्यांना बाहेर भिरकावून देतात. या उपपत्तीप्रमाणे गाभा म्हणजे तेथे असलेले काही नव्हे. तेथून गेलेले काहीतरी आहे. आणि किती गेले हे ठरवावयाचे, तर बाहेरचा आलेख आत वाढवून मूळ स्थिती कल्पावी लागते. सेर्सिक यांचे १९६३ चे सूत्र वापरले तर तूट एक भरते, दुसरे सूत्र वापरले तर दुसरी. पुन्हा शेष, आणि पुन्हा प्रतिमान.

५

या परीक्षणातून गाभ्याची संकल्पना टाकाऊ ठरते असे नाही. तिन्ही ठिकाणी गुरुत्वाकर्षण द्रव्याला मध्याकडे ओढते, आणि ऋण विशिष्ट उष्णतेसारखे खरोखर समान असे काही नियम या विविध संहतींना लागू पडतात. लिंडेन-बेल आणि वुड यांची तुलना याची साक्ष आहे. परंतु तुलना कारणांची असावी. नावांची असून भागत नाही. गाभ्याविषयीचे कोणतेही विधान स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. कोणती राशी मोजली? किती विभेदनक्षमतेने मोजली? आणि कोणते प्रतिमान वजा केल्यावर गाभा उरला? पृथ्वीच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व अल्प आहे, कारण स्वतंत्र मार्ग एकत्र येतात. मंगळाच्या बाबतीत ते वाढते, आणि गुच्छ व दीर्घिका यांच्या बाबतीत तेच सर्वस्व होऊन बसते.

मराठी परिभाषेला येथे एक सोय उपलब्ध आहे, ती गमावू नये. इंग्रजीतील एका शब्दासाठी सर्वत्र ‘गाभा’ लिहिण्याचे मराठीवर बंधन नाही. ग्रहासाठी ‘गाभा’ राहू द्यावा. गुच्छासाठी ‘गाभा-त्रिज्या’ हा जोडशब्दच वापरावा, म्हणजे ती एक लांबी आहे याचा विसर पडणार नाही. दीर्घिकेच्या मध्यवर्ती तेजस्वी वस्तूला ‘केंद्रक’ म्हणावे आणि मंदावलेल्या दीप्तीच्या भागाला ‘मध्यवर्ती तूट’. यातील शेवटचा शब्द कानाला रुक्ष लागेल. परंतु ज्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून तूट म्हणून ती शिकवली जाईल, तो ही तूट कशाच्या तुलनेत मोजली, हा प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही.